श्रावण पाळणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना तो पाळणं जमत नाही त्यांच्यासाठीही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



सद्गुरुकृपेने गुरुपौर्णिमेचा उत्सव सगळ्या केंद्रांवर छान पार पडला. आता आषाढातले शेवटचे दिवस. अमावास्येला आपण घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतो, पूजा करतो, कणकेचे गोड दिवे करतो. बाहेर मात्र हीच दीपअमावास्या "गटारी" म्हणून ओळखली जाते. तिचे विनोद फोनवर यायला लागलेच असतील. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरही येतात, आणि पाठवणारे बहुतेक वेळा स्वतः न पिणारेच असतात! पुढे पाठवताना एवढंच लक्षात येत नाही, की त्याच ग्रुपवर एखादी वहिनी, एखादी आई तो विनोद वाचत असते आणि तिच्या घरात ती अमावास्या रोजची असते.

म्हणून या वेळचं चिंतन दारूवर आहे. सत्संगात हा विषय सहसा निघत नाही. पण आरती झाल्यावर, पायरीवर चपला घालता घालता, भगिनी आम्हा सेवेकऱ्यांशी हळू आवाजात जे बोलतात, ते पुष्कळदा याबद्दलच असतं. तेव्हा पायरीवरचा विषय आत आणूया. महाराजांच्या समोर बोलायला लाज कसली?

*गाव बदललं की रीत बदलते*

आपला परिवार पाच-सहा राज्यांत पसरलेला आहे. देव एक, नाम एक, पण दारूची रीत प्रत्येक गावाची वेगळी.

गोव्यात काजूची बोंडं पिकली की उर्राक येतो, मग फेणी. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सर्दी-पडशाला चोळायला म्हणून न पिणाऱ्या घरातही एक बाटली कपाटात असते. दुकान हाकेच्या अंतरावर, किंमत शेजारच्या राज्यांपेक्षा कमी. तिथे पिणं ही लपवायची गोष्ट नाही, त्यामुळे कुणाचं पिणं आजारापर्यंत पोचलंय हे घरच्यांच्याही उशिरा लक्षात येतं.

बेळगाव भागात उलट. कर्नाटकात २००७ साली सारायी बंद झाली, पण पिणारे नव्वद एमएलच्या पाकिटावर आले. शिवाय चोर्ला घाट उतरला की गोवा आहेच. इथे घराची अब्रू मोठी. बाप पितो हे मुलीच्या लग्नाच्या बोलणीत कळू नये म्हणून सगळं घर गप्प राहतं.

वडोदऱ्याच्या मंडळींकडे १९६० पासून, म्हणजे गुजरात राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे. तिथल्या बायका सांगतात की बंदीमुळे रस्त्यावरचा त्रास नक्की कमी आहे, मुली रात्री निर्धास्त फिरतात. हे मोठंच सुख. पण ज्याला लागते त्याला मिळते. दमणची सहल असते, नाहीतर चोरटा माल. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. आणि जिथे पिणंच गुन्हा, तिथे "माझा मुलगा पितो, मदत करा" असं कुणाला सांगायचं?

उज्जैनला काळभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो, आणि त्याच उज्जैनच्या हद्दीतली दुकानं १ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. इंदूर-ग्वाल्हेरकरांना दोन्ही गोष्टी सारख्याच परिचयाच्या. हैदराबादेत ताडीला कल्लू म्हणतात, आणि ती तर दारूच नव्हे असं मानणारे पुष्कळ.

कुठे मोकळीक, कुठे बंदी, कुठे देवाचं निमित्त. पण पायरीवर थांबणारी भगिनी कुठल्याही केंद्रावरची असो, तिचं वाक्य एकच असतं: "कुणाला सांगू नका हं."

*द्वारकेतली बंदी आणि प्रभासातलं पिणं*

महाभारतातलं मौसलपर्व आपण पारायणात फारसं घेत नाही, कारण ते वाचवत नाही. ऋषींचा शाप झाल्यावर द्वारकेत दवंडी पिटली गेली की यापुढे नगरात कुणीही मद्य बनवायचं नाही, बनवेल त्याला सुळावर चढवू. एवढी कडक बंदी, आणि ती प्रत्यक्ष श्रीकृष्ण-बलरामांच्या नावाने! नगरीने ती मानलीही. पुढे सगळे यादव तीर्थयात्रेला म्हणून प्रभासक्षेत्री गेले, बरोबर मद्य घेऊन गेले, आणि भगवंतांच्या डोळ्यांदेखत प्यायले. सात्यकी आणि कृतवर्मा यांच्यात जुनं उणंदुणं निघालं, शब्दाला शब्द वाढला, हातात आलेलं एरका गवत मुसळासारखं झालं, आणि बापाने मुलाला, भावाने भावाला मारलं. द्वारका आणि प्रभास, दोन्ही आजच्या गुजरातेतच आहेत.

यातून आम्ही एवढंच घेतो. बंदी हवी. ज्या आयाबायांनी गावातलं दुकान हटवायला मोर्चे काढले त्यांना आमचा नमस्कार. पण बंदी पितळी कुलपासारखी बाहेरच्या दाराला लागते. ज्याच्या आत तहान बसली आहे तो प्रभास शोधतो. त्या तहानेचं काय करायचं, हा प्रश्न दवंडीने सुटत नाही.

*कच पोटात असतो*

दुसरी कथा आदिपर्वातली, दैत्यगुरु शुक्राचार्यांची. एवढे थोर, की मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या त्यांच्यापाशी. देवांकडून बृहस्पतीचा मुलगा कच त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिला. दैत्यांनी त्याला दोनदा मारलं, गुरूंनी दोनदा उठवलं. तिसऱ्या खेपेला दैत्यांनी त्याला जाळून राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरूंनाच पाजलं. शुक्राचार्य प्यायले. ज्या शिष्यावर माया होती त्यालाच गिळलं, आणि गिळताना कळलंही नाही.

पिणारा माणूस दुष्ट असतो असं नाही. तो विद्वान असेल, दानी असेल, उत्सवात पहाटेपासून राबणारा असेल. पण पेल्यात कोण कोण कालवलं गेलंय ते त्याला दिसत नाही. मुलाची फी, बायकोची झोप, म्हाताऱ्या आईची औषधं सगळं त्याच घोटात जातं.

पुढचा भाग आपण नीट ऐकत नाही. देवयानी रडायला लागली तेव्हा शुक्राचार्यांना कळलं की कच आपल्याच पोटात आहे. तो बाहेर आला तर आपण मरणार, नाही आला तर तो मरणार. मग त्यांनी काय केलं? पोटातल्या शिष्यालाच संजीवनी शिकवली. कच बाहेर आला, गुरू पडले, आणि कचाने त्याच विद्येने गुरूंना उठवलं. दोघंही वाचले. त्यानंतर शुक्राचार्यांनी मद्याचा कडक निषेध केला. आधी उपाय, मग नियम.

घराघरातला कच म्हणजे पिणाऱ्याचं कुटुंब. विद्या त्यालाही मिळायला हवी. म्हणून आता थोडं व्यवहाराचं बोलू.

*श्रावण धरताना सांभाळायचं काय*

आपल्याकडे पुष्कळ पुरुष श्रावणात दारू सोडतात. (इंदूर-ग्वाल्हेरला तिथल्या पंचांगाप्रमाणे श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागला.) फार चांगली रीत आहे. फक्त तीन तऱ्हेचे लोक ती पाळतात, ते ओळखायला हवेत.

एक, अधूनमधून घेणारे. त्यांनी महिना पाळावा आणि पुढेही सोडून द्यावी.

दुसरे, श्रावणाचं सर्टिफिकेट करणारे. "बघ, महिनाभर शिवलो नाही. मग मी दारुडा कसा?" आणि श्रावण संपायचे दिवस बोटावर मोजतात. भावांनो, दिवस मोजावे लागतात यातच उत्तर आलं.

तिसरे, ज्यांना सकाळी घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही. यांच्यासाठी हा सगळा लेख. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनंतर काहींना भास होतात, माणूस बरळतो, ताप चढतो. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि अंगारा लावून बसतात. अंगारा जरूर लावा, पण गाडी काढून दवाखान्यात नेताना वाटेत लावा. डॉक्टर चार-सहा दिवस औषधं देऊन शरीर शांत करतात, ब-१ जीवनसत्त्व देतात, आणि हा काळ सुखरूप पार पडतो. श्रावणाच्या पहिल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हाच अशा माणसाचा संकल्प.

आणखी एक सांगतो, कारण हे घराघरांत चालतं. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर असतात. भगिनींनो, भाजीत, डाळीत, चहात न सांगता कुठलीही पूड घालू नका. दारू सोडवण्याचं एक खरं औषध असं आहे की ते पोटात असताना माणूस प्यायला तर छातीत धडधड होते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी प्राणावर बेततं. ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. तसंच बांधून, मारून दारू सोडवणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. सरकारी नोंदणी आहे का ते आधी विचारा.

*आजार म्हणायचं की पाप?*

दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या देशात साधारण १६ कोटी लोक दारू घेतात. त्यातल्या ५.७ कोटींपेक्षा जास्त लोकांना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि जे पुरते दारूच्या आहारी गेलेत, त्यांच्यापैकी ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक.

बाकीचे ३७ कुठे आहेत? काही गावात डॉक्टर नाही म्हणून, काही पैसे नाहीत म्हणून राहतात. पण पुष्कळसे घरातच आहेत, दार लावून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूशी जोडलेल्या मानसिक विकारांना आजारातच धरलं आहे. मधुमेहाला कुणी घराण्याचा कलंक म्हणत नाही. मग याला का म्हणावं? चुकांची जबाबदारी माणसाची राहतेच, त्यातून सुटका नाही. पण आजाऱ्याला लाजवून कुणी बरं केल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

*दुसऱ्याला धरून उभं राहणं*

१९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्यासाठी आला होता. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली. काम फसलं, हॉटेलात एकटा, आणि समोर बारचा गजबजाट. त्याला एकच सुचलं, की आत्ता आपल्यासारखा दुसरा कुणीतरी भेटला पाहिजे. टेलिफोन करत करत तो बॉब नावाच्या सर्जनपर्यंत पोचला. तोही बेवडाच. दोघं तासन्‌तास बोलले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए. उभी राहिली. आपल्याकडे ती १९५७ पासून आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट.

आपल्या दृष्टीने यातलं मर्म काय? बिल दुसऱ्याला वाचवायला गेला आणि त्यात स्वतः वाचला. यालाच आपण सेवा म्हणतो.

काही भाऊ म्हणतात, "या बैठका चर्चच्या हॉलमध्ये भरतात, आपण कसं जायचं?" अहो, हॉल मिळाला म्हणून तिथे भरतात. त्यांच्यात ईश्वर ज्याला जसा समजला तसा त्याने मानायचा असतो. तुम्ही खुशाल मनात दत्तनाम घ्या.

प्रत्येक देशाने आपल्या स्वभावाप्रमाणे वाट काढली आहे. जपानमध्ये १९६३ पासून दान्शुकाई नावाची संघटना देशभर आहे. तिथे नाव लपवायची प्रथा नाही आणि पती-पत्नी शेजारी बसतात. युगोस्लाव्हियात झाग्रेबला व्लादिमिर हुडोलिन या डॉक्टरांनी १९६४ मध्ये क्लब सुरू केले, तिथे काही कुटुंबं मिळून दर आठवड्याला जमतात. ए.ए.च्या सोबतीने कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून आहे. पोटातल्या कचाला विद्या देणारी ही शाळा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, ते आपल्या मराठी घराघरांत ठाऊक आहे. तिथे स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभागही आहे. हो, स्त्रियाही पितात. त्यांचं लपवणं तर दुहेरी असतं.

गोव्यातलं एक काम आपल्या सेवेकऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. संगथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांसह एक प्रयोग केला. समुपदेशक होते साधी माणसं, मानसोपचाराची पदवी नसलेली, फक्त प्रशिक्षण दिलेली. आठवड्याला एक अशा एक ते चार भेटी. तीन महिन्यांनी ज्यांच्याशी असं बोलणं झालं त्यांच्यातले ४२ टक्के लोक आधीचे चौदा दिवस दारूपासून पूर्ण दूर होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण १८ टक्के होतं. २०१७ साली हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दारूशिवाय राहूच न शकणारे रुग्ण यात नव्हते, त्यांना डॉक्टरच हवा. पण सुरुवातीच्या टप्प्यावर नीट ऐकणारं साधं माणूसही किती उपयोगी पडतं, ते यातून दिसतं.

*माळ तुटली म्हणून*

शेवटची गोष्ट, आणि आमच्या मनात सगळ्यात जास्त असलेली. आपल्याकडे माळ घालताना दारू-मांस सोडतात. एखादा भाऊ रडत रडत माळ घालतो, चार महिने नीट जातात, मग एखाद्या लग्नात घसरतो. दुसऱ्या दिवशी तो माळ काढून देवघरात ठेवतो आणि केंद्रावर यायचं बंद करतो. "कुठल्या तोंडाने येऊ?" आणि आपणही म्हणतो, "गुरूंचा शब्द मोडला त्याने." मग तो घरी बसतो, आणि घरी बाटली असतेच.

या आजारात घसरणं पुष्कळांना होतं. डॉक्टर त्याला उपचाराचाच एक टप्पा धरतात आणि पुन्हा सुरुवात करतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, मन इतकं चंचल, ते आवरायचं कसं? भगवंत त्याला कठीण आहे हे कबूल करतात आणि अभ्यास सांगतात. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. जे एकदाच करायचं त्याला अभ्यास कोण म्हणेल? माळ तुटली तर ओवता येते. सद्गुरूंनी धरलेला हात आपल्या बाजूने सुटला तरी त्यांच्या बाजूने सुटत नाही, ही आपली श्रद्धा ना? मग ती त्या भावाच्या बाबतीतही खरी असू द्या. पुढच्या गुरुवारी त्याच्या घरी जा, आणि "आरतीला येतोस ना?" एवढंच विचारा.

*आपल्या केंद्रांनी काय करावं*

🔸 प्रत्येक केंद्रावर एक दादा आणि एक ताई या कामासाठी ठरवा. त्यांनी जवळची ए.ए. आणि अल-अ‍ॅनॉनची बैठक कुठे, कधी भरते ते स्वतः जाऊन पाहून ठेवावं.

🔸 पहिल्यांदा दवाखान्यात जाणाऱ्याबरोबर कुणीतरी जावं. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, बेळगावकरांना जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची डिमहान्स, इंदूरला बाणगंगा, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्याला कारेलीबाग, हैदराबादला एर्रागड्डा इथली सरकारी रुग्णालयं आहेत. "वेड्यांचं हॉस्पिटल" हा शब्द आपल्या तोंडातून काढून टाका. त्या शब्दामुळे माणसं पायरीवरून परततात.

🔸 फोनवर मदत: १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, आणि १४४१६ ही टेली मानस. दोन्ही मोफत. टेली मानसवर मराठीतही बोलता येतं.

🔸 कुणाचंही नाव ग्रुपवर टाकू नका, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. गटारीचे विनोद पुढे पाठवू नका.

🔸 घरात मारहाण होत असेल तर त्या ताईला "सहन कर, प्रारब्ध आहे" असं सांगू नका. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१.

दीपअमावास्येला दिवे मांडाल तेव्हा एक दिवा अशा घरासाठी लावा, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही. आणि ज्या ताईने, ज्या दादाने हे वाचता वाचता पडद्यावरून नजर वळवली, त्यांना एवढंच सांगणं: आरतीनंतर पायरीवर थांबू नका, आत या. आम्ही बसलेलो आहोत.

सद्गुरु सर्वांना सद्बुद्धी आणि बळ देवोत.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏

— सेवेकरी भगिनी मंडळ